मेंदूच्या चुण्या

तायांनो, मागच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "सातव्यानंतर सुनेला कमीच जेवू घालते, बाळ मोठं झालं तर अडेल." मी वयाने लहान, गप्प बसले. चुकलंच माझं. आज सांगते.

पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. मग त्याचा वरचा थर आतल्यापेक्षा वेगाने वाढतो. गोधडीचं अस्तर लहान नि वरचं कापड मोठं झालं की चुण्या पडतात ना, तसंच. लालतोंड्या माकडिणीच्या पिल्लाचंही पोटात असंच होतं, पण चुण्या कमी. मार्मोसेट नावाचं इवलंसं माकड असतं, त्याचा मेंदू तर जवळपास सपाटच राहतो. आपल्या बाळाच्या बहुतेक चुण्या सातव्या ते नवव्या महिन्यात पडतात. मावशी, सुनेचं ताट तुम्ही नेमकं तेव्हाच कमी करताय.