पावसाच्या जुन्या-नव्या नोंदी



भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मृगात पऱ्हे टाकावेत, पुढे रोवणी करावी, बांधीत पाणी अडवावे आणि पावसाने ओढ दिली म्हणजे बोडीचे पाणी घ्यावे, ही येथील रीत. आता वडीलधारी मंडळी म्हणतात, पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही. वर्गातील मुलाने ‘गुरुजी, हे खरे काय?’ असे विचारले, तर उत्तर कसे द्यावे?

मनुष्याची स्मृती महापूर आणि दुष्काळ धरून ठेवते. साधारण वर्षे विसरते. शिवाय एका दिवसाची ती हवा, आणि निदान तीस वर्षांच्या हवेची सरासरी ते हवामान. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम मोजमाप पाहतात. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठ वाजता मोजावयाचे, एवढेच हे काम. पण ते वर्षानुवर्षे अखंड चालावे लागते. पर्जन्यमापकाशेजारी निंबाचे झाड वाढले, तर आकडा घटतो. पाऊस मात्र घटलेला नसतो. असा दोष शोधण्यासाठी शेजारच्या केंद्रांचे आकडे ताडून पाहतात. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु पुढचे सर्व अनुमान त्यावरच उभे असते.

१९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या दैनिक नोंदी तपासून २००६ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भंडारा त्याच टापूत येतो. पावसाळ्याच्या एकूण पावसात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र एका दिवसात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. म्हणजे वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. धो धो पडलेले पाणी बांध फोडून निघून जाते आणि रोवणीच्या वेळी बांधी कोरडी राहते. वर्षाची बेरीज मात्र तीच दिसते. अर्थात हा निष्कर्ष विस्तीर्ण प्रदेशाचा आहे. एकाच गावचा पाऊस इतका लहरी असतो की त्यावरून असा कल ओळखणे कठीण.

पर्जन्यमापक येण्यापूर्वीचे काय? तेथे साग साक्ष देतो. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो, पावसाळ्यात वाढतो, आणि दरवर्षी खोडात एक वलय उमटते. पाऊस कमी झाला, तर ते बहुधा अरुंद असते. झाड न तोडता बारीक नळीने खोडाचा नमुना काढता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळातील सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका जुळविली आहे. अलीकडची वलये मोजलेल्या पावसाशी ताडून पाहिल्याशिवाय जुन्या वलयांचा अर्थ लावीत नाहीत.

त्याहून मागे जावयाचे तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आहे. त्याचे पाणी बाहेर वाहत नाही. पाऊस दीर्घकाळ कमी झाला म्हणजे ते आटते, खारेपणा वाढतो आणि गाळात विशिष्ट क्षारांचे स्फटिक बनतात. तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात सुमारे ११,००० वर्षांचा इतिहास सापडला. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी येथे प्रदीर्घ अवर्षण होते, असे त्यावरून दिसते. गाळाचे वय किरणोत्सर्गी कार्बनवरून ठरवितात.

मग ‘हवामान तर पूर्वीही बदलतच होते’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण कारण निराळे. हवाई बेटावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हा दर दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. ही भर मुख्यतः कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने पडली. त्यामुळे हवा तापते, आणि तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अतिवृष्टी वाढण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

शाळेच्या मोकळ्या अंगणात सरळ बाजूंचा डबा ठेवून, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजून मुलांना वहीत नोंद करता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून बांधीवर पडलेल्या पाण्याचा हिशेबही करता येईल. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना रिकामा ठेवला, तर पाऊस पडला नव्हता की मोजणारा आला नव्हता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.