लग्नाच्या बॅगेत झूम की प्राइम?



तुळशीची लग्नं लागली की मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. यंदा तो कामोठ्याच्या एका मुलाने व्हॉइस नोटवर पाठवलाय. “ताई, माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि किट लेन्स आहे. डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न मलाच शूट करायचंय, दुसरा फोटोग्राफर नाही. एकच लेन्स परवडतेय. झूम की प्राइम?”

यातलं “दुसरा फोटोग्राफर नाही” हे वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फोनच्या मागे दोन-तीन काचेचे डोळे दिसतात ना? बहुतेक फोनमध्ये त्यातला प्रत्येक डोळा म्हणजे एक प्राइम लेन्स असते, ठरलेल्या एकाच अंतराची. तुम्ही बोटांनी चिमटा उघडून जवळ जाता तेव्हा फोन एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि मधल्या जागेत चित्र कापून मोठं करतो. कॅमेऱ्याच्या झूम लेन्समध्ये आतली भिंगंच सरकतात, त्यामुळे काही कापावं लागत नाही. फोटो काढायच्या कॅमेऱ्यासाठी अशी पहिली झूम आली १९५९ साली, फोक्टलेंडरची झूमार, ३६ ते ८२. म्हणजे आपल्या आजोबांच्या लग्नात फोटोग्राफर पायानेच झूम करत होता. आणि त्या फोटोंत सगळे नातेवाईक आलेत बरं का!

आता उजेडाचा हिशोब. प्राइमवर १.८ लिहिलेलं असतं, चांगल्या झूमवर २.८. आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी. एफ १.८ मधून एफ २.८ पेक्षा साधारण २.४ पट उजेड आत येतो. आणि किट लेन्स ५५ वर नेली की ती एफ ५.६ वर जाते, तिच्याशी तुलना केली तर साडेनऊपटीहून जास्त. आयएसओच्या भाषेत सांगते: एफ १.८ वर १६०० आयएसओला जो फोटो येतो, तोच एफ २.८ वर काढायला चार हजाराच्या आसपास लागतो, आणि एफ ५.६ वर पंधरा हजाराच्या वर. पंधरा हजारावर जुन्या क्रॉप बॉडीचा फोटो कसा दिसतो ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा. रवा सांडल्यासारखा.

हा फरक हॉलमध्ये फारसा जाणवत नाही. एसी हॉल, स्टेजवर एलईडी भिंत, व्हिडिओवाल्याची लाइट, आपला फ्लॅश. तिथे २.८ भरपूर झालं. फरक जाणवतो हळदीला.

आपल्याकडे पनवेल-उरणच्या गावांत हळद म्हणजे काय असते हे बाहेरच्या यूट्यूबवाल्यांना माहीतच नाही. त्यांची हळद सकाळी अकराला, हिरवळीवर, पिवळ्या छत्र्यांखाली. आगरी-कोळी घरातली हळद रात्रीची. अंगणात मांडव, कधी जांभळी कधी लाल लाइट, एका कोपऱ्यात धवलारीण धवले म्हणतेय आणि पलीकडे डीजे सुरू. ओटीवर नवरा बसलाय, भोवती पंधरा बायका, आणि तुम्हाला उभं राहायला दीड फूट जागा. तिथे फ्लॅश मारला की लाइटचा सगळा रंग जातो, चेहरे सपाट होतात, आणि धवले म्हणणारी आजी डोळे मिटून घेते. अशा ठिकाणी मी ३५ ची प्राइम लावते आणि बायकांच्या मध्ये बसते. बसतेच, कारण उभं राहिलात तर मागच्यांना दिसत नाही आणि ओरडा खावा लागतो. लेन्स लहान असली की समोरच्यालाही कमी भीती वाटते. नवरीच्या खोलीतही तेच. खोली दहा बाय दहाची, त्यात आरसा, मेकअपवाली, दोन मावश्या आणि एक रडणारी आई. तिथे मोठी लेन्स काढली की आईचं रडणं थांबतं.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, ठरलं, प्राइम. थांबा.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त. स्टेजवर अंतरपाट धरलाय, गुरुजी, दोन्हीकडचे मामा, मागे करवल्या, खाली अक्षता घेऊन उभे असलेले लोक आणि प्रत्येकाच्या हातात वर केलेला फोन. शेवटचं मंगलाष्टक संपतं, “सावधान” होतं, अंतरपाट खाली जातो, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. हे बघणं दोन-तीन सेकंदांचं. लगेच अक्षता, बँड, हार. त्या दोन-तीन सेकंदांत तुम्हाला पूर्ण स्टेजही हवं आणि तिचे डोळेही. ५० ची प्राइम असेल तर मागे जा किंवा पुढे जा. पण जाणार कुठे? मागे व्हिडिओवाला, पुढे गुरुजी, बाजूला होमाची तयारी. पायाने झूम करा हा सल्ला रिकाम्या रस्त्यावर छान आहे. आपल्या स्टेजवर पाय हलवायला जागा मिळाली तर तो फोटो काढून मला पाठवा.

२४-७० असेल तर स्टेजच्या कोपऱ्यात उभं राहून मनगट फिरवायचं. २४ वर सगळं स्टेज, ७० वर ती.

कोणी म्हणेल, ३५ ने काढू आणि नंतर कापू. चालतं, पण किती? ३५ चा फोटो ७० सारखा दिसेपर्यंत कापलात तर एक चतुर्थांश उरतो. २४ मेगापिक्सेलचे झाले ६. म्हणजे रुंदीला ३००० पिक्सेल. व्हॉट्सअॅपला मस्त, अल्बमच्या कोपऱ्यात मस्त. पण १२ बाय ३६ च्या पूर्ण पानावर पसरवलात तर इंचाला जेमतेम ८३ पिक्सेल, आणि छपाईला साधारण ३०० धरतात.

लेन्स बदलायचं म्हणाल तर हवेत अक्षता, हळद, फुलांच्या पाकळ्या. सेन्सर उघडा ठेवायची ही जागा नाही. दोन बॉडी असतील तर गोष्ट वेगळी. माझ्या एका खांद्यावर झूम, दुसऱ्यावर प्राइम असते. पण त्या मुलाकडे एकच बॉडी आहे.

आणि एक, ज्याबद्दल कँडिडवाले कधी बोलत नाहीत: ग्रुप फोटो. आहेराची रांग लागते, स्टेजवर कधी चार माणसं तर कधी बावीस. तीन ओळींच्या ग्रुपला तुम्ही एफ ५.६ च्या आसपास जाणारच, नाहीतर मागची ओळ धुकट. मग १.८ साठी मोजलेले पैसे तिथे काय कामाचे? ८५ च्या प्राइमने फुल फ्रेमवर, एफ १.८ ला, दोन मीटरवरून फोटो काढलात तर स्पष्ट भाग असतो सुमारे सहा सेंटीमीटर. नवरी स्पष्ट, तिच्या खांद्यामागचा नवरा गेला. इन्स्टाला सुंदर दिसतं. घरचे विचारतात, “हा कोण?” लग्नानंतर महिन्याने फोन येतो तो बोकेचा नसतो, आत्याचा असतो. आत्याचा फोटोच नाही.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर: तू एकटा आहेस, बॉडी एक आहे, तर मुहूर्ताला एफ २.८ ची झूम पाहिजेच. पण ती विकत घेऊ नकोस, दोन दिवसांसाठी भाड्याने आण. क्रॉप बॉडीला १७-५० च्या आसपासची बघ, २४-७० नको. क्रॉपवर २४ म्हणजे ३६ सारखं होतं आणि बावीस माणसं मावत नाहीत. विकत घ्यायची ती प्राइम घे. ५० नाही, ३५ एफ १.८, कारण तुझ्या बॉडीवर ५० म्हणजे ७५-८० होते आणि हळदीच्या अंगणात तू भिंतीला टेकशील. प्राइम स्वस्त, हलकी, वर्षभर वापरशील. महागड्या झूमचा हप्ता बहिणीच्या लग्नासाठी सुरू करायचा नाही. काम मिळायला लागलं की ती लेन्स स्वतःचे पैसे स्वतः आणते. भाड्याची लेन्स आदल्या दिवशीच आण, ऑटोफोकस आणि आतली बुरशी तपासून घे. आपल्या कोकणच्या दमट हवेत बुरशी हा विनोद नाही. बघायचंच असेल तर हार्बर लाइन पकड, सीएसएमटीला उतर, बोरा बाजारात हातात धरून बघ.

आता नवी भानगड. २०२४ मध्ये सिग्माने फुल फ्रेमसाठी २८-४५ काढली, पूर्ण झूमभर एफ १.८. म्हणजे झूम आणि प्राइमचं भांडण मिटलं? वजन साडेनऊशे ग्रॅमच्या वर, आणि पोच फक्त ४५ पर्यंत. कॅननची साधी ५० एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची आहे. ग्रहमखापासून पाठवणीपर्यंत बारा तास गळ्यात घालून बघा, मग बोलू.

शेवटी एक काम देते, ते ऐकताऐकताच करा. मागच्या दोन-तीन समारंभांचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि फोटोच्या माहितीत फोकल लेन्थ बघा. सगळे नाही, जे तुम्ही खरोखर अल्बमला दिले तेवढेच. क्रॉप बॉडीवर आकडे ३५ च्या आसपास जमले असतील तर प्राइम तुम्ही आधीच निवडलीय. १८ आणि ५५ अशा दोन टोकांना असतील तर तुम्ही झूमची माणसं. आकडे मला मेसेज करा, कॅमेऱ्याचं मॉडेल लिहायला विसरू नका. पुढच्या भागात फ्लॅश, आणि एलईडी भिंतीसमोर फोटोत पट्टे का येतात ते.