सावधानता आणि निर्भयता



मावळ हा पावसाचा प्रदेश आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांचे जीवन सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसावर उभे आहे. इंद्रायणी आणि पवना या नद्या याच तालुक्यात उगम पावतात. लोणावळा-वळवणच्या तलावांतील पाण्यावर घाटाखाली खोपोलीला वीज तयार होऊ लागली, त्यालाही आता शतक उलटले. अन्न, पाणी आणि रोजगार देणारा हाच पाऊस एखाद्या वर्षी काळ होऊन येतो. त्याला भिऊन डोंगर सोडता येत नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून डोंगरात राहताही येत नाही. या दोहोंमधील वाट शोधणे, हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

जुलै १९८९ मध्ये विसापूरच्या पायथ्याशी असलेल्या भाजे गावावर दरड कोसळली आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या परिसरातील लेणी दोन हजार वर्षे कातळात अभंग उभी आहेत, तेथेच हे घडले. याचे कारण असे की, कातळ टिकतो, पण त्यावरील माती आणि मुरूम सुटतो. सतत पडणारे पाणी मातीत मुरते, खालच्या कातळावर अडते, मातीचे वजन वाढते आणि शेवटी तिची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. १५१ जणांचा बळी गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. विशेष म्हणजे दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. यादी आवश्यक आहे, परंतु ती गावकऱ्यांच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. उतारावर नव्या भेगा दिसतात, झाडे किंवा विजेचे खांब कलतात, घराच्या भिंती तडकतात, दारे चौकटीत अडकू लागतात. वाहता झरा एकाएकी गढूळ होतो, आटतो किंवा नव्याच जागी फुटतो. गुरे राखणाऱ्या माणसाला आणि शेतात जाणाऱ्या माउलीला या खुणा सर्वांआधी दिसतात. त्या कोणाला सांगायच्या, हे ज्या वाडीत आधीच ठरलेले असते, त्या वाडीला वेळ मिळतो.

भीती आणि तयारी यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. भीती अंधुक असते. ती बारा महिने माणसाला पोखरते आणि काही शिकवत नाही. तयारी नेमकी असते. अतिवृष्टीचा इशारा कोणत्या दिवसांपुरता आहे, रात्री कोणत्या वाटेने निघायचे, कोणाच्या घरातील वृद्धांना कोणी उचलायचे, कागदपत्रे, औषधे आणि विजेरी कोठे ठेवायची, १०७७ किंवा ११२ वर कोणी कळवायचे, एवढे ठरले की उरलेले दिवस निश्चिंतपणे जगता येतात. पावसाळ्यासाठी वेगळी शिस्त असावी, हा विचार चातुर्मास पाळणाऱ्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. इशारा मिळाला, भर पावसात घर सोडले, शाळेच्या वर्गात रात्र काढली आणि सकाळी डोंगर जागच्या जागी उभा दिसला, तर लोक हसतात. असे तीनदा झाले की चौथ्यांदा कोणी उठत नाही. भातलावणीचे दिवस, गोठ्यातील गुरे आणि घरातील धान्य सोडून जाणे सोपे नसते. म्हणूनच फुकट गेलेल्या रात्रीची लाज वाटू न देणे, हे सर्वांत मोठे आपत्ती व्यवस्थापन होय. दहादा निघून नऊदा सुखरूप परतणारा माणूस भित्रा नव्हे. तो आपल्या लेकरांचा खरा रक्षक होय.

या कामी संस्थांना मोठा वाव आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी मावळातच सुदुंबरे येथे आहे. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र संस्थेचे तरुण दऱ्याखोऱ्यांतून आणि पाण्यातून माणसे सोडवून आणतात. परंतु हे मदतगार प्रसंगानंतर पोहोचतात. प्रसंगाआधीचे काम शेजाऱ्यांचेच असते. समाजाच्या धर्मशाळा, भोजनशाळा आणि सभागृहे अतिवृष्टीच्या रात्री कोणताही भेद न करता खुली राहिली, तेथे कोरडी जागा, गरम जेवण आणि सन्मानाचे चार शब्द मिळाले, तर वाडीतील माणूस दुसऱ्यांदाही निघेल. अन्नदानाइतकेच हेही अभयदान आहे.

याच्या उलट, निर्धास्तपणाला निर्भयता समजण्याची चूकही येथे वारंवार घडते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. वर पडलेला पाऊस खाली केव्हा लोंढा होऊन येईल, हे पाहुण्याला ठाऊक नसते. स्थानिकाला ठाऊक असते. ते त्याला वेळेवर आणि ठामपणे सांगणे, हेही आतिथ्यच होय.

डोंगर, नदी आणि पाऊस मावळाचे वैरी नाहीत. त्यांचा स्वभाव ओळखून वागणारा समाज त्यांच्या सान्निध्यात पिढ्यान्पिढ्या सुखाने नांदू शकतो. येत्या ज्येष्ठात पहिली सर येण्यापूर्वी प्रत्येक वाडीने आणि प्रत्येक संस्थेने एकदा एकत्र बसावे, वाट ठरवावी, माणसे नेमावीत आणि मग निर्भयपणे पेरणीला लागावे.