महाविद्यालयाचे ग्रंथालय : विद्यार्थ्यांचा हक्क



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या स्वतःच्या संग्रहातील अनेक ग्रंथ या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. त्यांवर बाबासाहेबांनी केलेल्या खुणा आहेत. ग्रंथ कसा वापरावा, याचा तो धडाच होय.

आम्ही बँकेतली माणसे. खात्यात पडून राहिलेल्या पैशावर थोडेफार व्याज तरी चढते. कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकावर फक्त धूळ चढते.

एका खोलीच्या घरात अभ्यासाला कोपरा नसतो. अशा मुलामुलींना वाचनकक्ष हा पहिला आधार. बुक बँक असेल तर क्रमिक पुस्तकांचा संच घरी नेता येतो. प्राध्यापकांना संदर्भग्रंथ व नियतकालिके मिळतात. कोणती पुस्तके घ्यावीत हेही ते सुचवू शकतात. २०१० साली सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेत महाविद्यालय सहभागी असेल, तर हजारो ई-ग्रंथ दोघांनाही वाचता येतात.

असे असूनही आपली मुले पुष्कळदा गाईडवरच भागवतात. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नसते, म्हणून ग्रंथपालांना विचारायला संकोच वाटतो. मित्रहो, ग्रंथपाल पुस्तक देतात तो उपकार नव्हे, तुमचा हक्क आहे. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचे कार्ड काढा. पुस्तकाचे नाव ठाऊक नसेल तर विषय सांगा. पण मागितल्याशिवाय परत फिरू नका.