छापील पानाचा यांत्रिक पारखी

भंडाऱ्याचीं पितळेचीं भांडीं दूरवर नांवाजलेलीं. भांडें घेणारी गृहिणी तें बोटानें वाजवून पाही आणि नादावरून त्याची पारख करी. आज त्याच जिल्ह्यांत, तुमसरच्या बाजूस, धानाच्या गिरण्यांतून निराळी पारख चालते. तांदूळ पन्हळींतून घरंगळत असतां कॅमेरा दाणे न्याहाळतो, आणि काळा दाणा दिसतांच हवेचा झोत त्यास बाजूस उडवितो.

हीच युक्ति आतां डिजिटल छपाईच्या यंत्रावरहि आली आहे. तिच्यासाठीं पैसा घालणें छापखान्यास परवडेल काय, हा प्रश्न जिल्ह्याच्या गांवांतील लहान मालकासहि विचार करावयास लावणारा आहे.

ऑफसेटच्या छपाईंत एकदां प्लेट सिद्ध झाली कीं तिच्यावरून निघणारीं पानें बहुतांशीं सारखीं असतात. म्हणून अधूनमधून एक प्रत उचलून पाहिली तरी भागतें. डिजिटल छपाईंत प्लेट नसते. प्रत्येक पान संगणकांतील प्रतिमेवरून नव्यानें घडतें. शाईचें एखादें सूक्ष्म छिद्र बुजलें, तर त्या क्षणापासून पानावर पांढरी रेघ उमटूं लागते. शिवाय बिलांप्रमाणें प्रत्येक पानावरील नांव व आंकडा निराळा असला, तर शंभरावें पान शुद्ध निघालें म्हणून पुढचेंहि शुद्ध असेल, अशी हमी कोण देणार?

यांत्रिक पारखी प्रत्येक पान मूळ प्रतिमेशीं ताडून पाहतो आणि सदोष पान वेगळें काढतो. देवनागरीस त्याचा उपयोग मोठा. कारण ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत एका टिंबाचेंच अंतर! परंतु त्याची नजर फार तीक्ष्ण ठेवली, तर कागदावरील धुळीचा कणहि त्यास दोष वाटतो व चांगलीं पानें रद्दींत जातात. शिथिल ठेवली, तर अनुस्वारच निसटतो.

मग हा खर्च कोठें सार्थ? जेथें एका चुकीची किंमत कागदाच्या किंमतीहून फार मोठी, तेथें: औषधांचीं वेष्टनें, प्रश्नपत्रिका, बिलें. दोनशें लग्नपत्रिकांना मात्र जाणत्या कारागिराचा डोळा पुरेसा आहे. मालकानें एक वर्षभर वही ठेवावी. वायां गेलेला कागद, परत आलेलें काम, पुन्हां केलेली छपाई, सारें तींत मांडावें. ती बेरीज यंत्राच्या वर्षाच्या हप्त्यांहून अधिक भरली, तरच तें घ्यावें.

आणखी एक मर्यादा ध्यानांत ठेवावयास हवी. यंत्र पान मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं, एवढेंच सांगतें. मूळ खरें आहे कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. मजकुरांतच वधूचें नांव चुकलें असेल, तर ती चूक प्रत्येक प्रतींत तंतोतंत उतरलेली पाहून तें संतुष्ट होईल! जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक सुबक टायपांवर होता, तितकाच मुद्रितें तपासणाऱ्या पंडितांवरहि होता.

म्हणून यंत्र घेणाऱ्यानें मुद्रितशोधकास निरोप देऊं नये. रेघा आणि डाग शोधण्यांतून सुटलेला त्याचा वेळ मजकूर वाचण्याकडे लावावा. तसें केलें, तरच यंत्रावरील पैसा सार्थकीं लागेल.