सोबतीतून सेवेकडे

(झिरकपूर येथील माजी विद्यार्थी व पालक यांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



झिरकपूर हे वाटा फुटण्याचे गाव आहे. दिल्ली-अंबाल्याकडून आलेला रस्ता येथे फुटतो. एक वाट चंदीगडला जाते, एक पतियाळ्याला, तर एक पंचकुला-कालकामार्गे सिमल्याच्या डोंगरांकडे. विमानतळही जवळच. रस्त्याच्या दुतर्फा ‘आयलेट्स’च्या शिकवण्यांच्या आणि परदेशी शिक्षणाची व्यवस्था करून देणाऱ्यांच्या पाट्या दिसतात. नोकरी-व्यवसायानिमित्त या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही आता तीच चर्चा ऐकू येते : मूल परदेशी कधी जाईल, कोणत्या देशात जाईल, खर्च किती येईल? प्रश्न रास्तच आहेत. मात्र ते मूल सोबत कोणता संस्कार घेऊन जाईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजच्या हीरकमहोत्सवी प्रसंगी त्याच प्रश्नाचा विचार करावा, असे योजिले आहे.

हा संस्कार घरात आणि शाळेत रुजतो हे खरे. पण त्याची पहिली कसोटी लागते ती महाविद्यालयीन सोबतीत. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या या मंडळांची परंपरा १७७६ मध्ये व्हर्जिनियात स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कप्पा’पासून सांगतात. आपल्याकडे अशी नावे नसतील, पण वसतिगृहाची खोली आहे, खानावळीतील पंगत आहे, एकांकिकेचा संघ आहे, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा सामुदायिक चहा आहे. घर सोडून आलेला तरुण येथे प्रथमच रक्ताचे नाते नसलेल्यांना आपले मानू लागतो.

या सोबतीला दोन तोंडे आहेत, हेही विसरता येत नाही. जी मंडळी एकमेकांसाठी रात्र जागवतात, तीच कधी नवागताला छळण्यासाठीही एकत्र येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाला २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम करावे लागले, ते उगाच नव्हे. सोबत ही एक शक्ती आहे. ती आपल्यापुरतीच राहिली तर तिची टोळी होते. तिला आपल्याबाहेरचे काम मिळाले तर तिचे व्रत होते.

याचे महाराष्ट्रातील उदाहरण शाळेच्या महोत्सवात तर आवर्जून आठवावे असे आहे. १८७९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोन सहाध्यायी देशासाठी काय करावे, याची चर्चा करीत रात्री घालवीत. त्या चर्चांतील संकल्पाला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची साथ मिळाली आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. दोघा मित्रांत पुढे तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. परंतु सोबतीने उभे केलेले काम टिकले. त्याच फर्ग्युसनचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि मायदेशी परतून त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. साता समुद्रांपलीकडे जाणे आणि मातीचे ऋण फेडणे यांत विरोध नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

परंतु परदेशगमन हेच सेवेचे रूप कसे होते, हे पाहायचे तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडेच वळावे लागते. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांची अट होती, की अध्यापक भारतीयच असावेत. पदवीनंतर पुढील शिक्षणाची वाट त्यांच्यासमोर होती. अशा वेळी जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनकडून पंडित नेहरूंना वैद्यकीय मदतीची विनंती आली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या कोटणीसांनी आपले नाव दिले.

सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले : स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस. या पाचही जणांचे वय, प्रांत आणि मातृभाषा एक नव्हती. त्यांना बांधले ते कामाने. चीनमध्ये त्यांना चिनी नावे मिळाली आणि पाचही नावांच्या शेवटी एकच अक्षर आले : ‘हुआ’, म्हणजे चीन. सख्ख्या भावांचे आडनाव एक असते, तसे या पाच जणांचे नाते एका अक्षरात गुंफले गेले. महाविद्यालयातील सोबत मोठी झाली, म्हणजे तिला असे रूप येते.

तिघे यथावकाश परतले. कोटणीस आणि बसू थांबले. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना परमुलखातच कळली. आघाडीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून घेतली आणि त्याच भाषेत तेथील विद्यार्थ्यांना शिकविले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून चिनी सैनिकांची शुश्रूषा करताना १९३९ मध्ये रक्तदोषाने मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. ज्या कॅनडाकडे आज येथील मुलांचे डोळे लागले आहेत, त्या कॅनडाचा एक सुपुत्र आणि सोलापूरचा एक सुपुत्र अशा रीतीने एकाच कामाचे वारसदार ठरले. कोटणीसांनी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ते बाळ काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीसांचे निधन झाले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घरी आज त्यांचे स्मारक आहे.

ही कथा सांगताना त्या घराने काय गमावले, हे झाकून ठेवता येणार नाही. सोलापूरच्या त्या मातेचा मुलगा परत आला नाही. कोणत्याही पालकाकडे असे दान मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोटणीसांपासून घ्यायचे ते मरण नव्हे. परक्या देशात पाऊल ठेवताना ‘येथे काय मिळेल’ याच्या जोडीने ‘येथे कोणाच्या उपयोगी पडता येईल’ असे विचारण्याची त्यांची वृत्ती घ्यायची.

ही वृत्ती तरुणांत सुप्तच असते. तिला हाक लागते. १४ ऑक्टोबर १९६० च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात उमेदवार जॉन केनेडी यांनी जमलेल्या विद्यार्थ्यांना विचारले : डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांपैकी किती जण घानासारख्या देशात जाऊन काम करण्यास तयार आहेत? ती हाक त्या रात्रीपुरती विरून गेली असती. पण विद्यार्थ्यांनी ती उचलली, आपसांत सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. मार्च १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवकांची संघटना स्थापन झाली. तिचे तरुण पुढे भारतातही काम करण्यास आले.

आपल्या महाविद्यालयांत अशी हाक राष्ट्रीय सेवा योजनेच्या रूपाने आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा क्रम. पुष्कळ मुले प्रमाणपत्रासाठी नाव देतात, हे खरे. पण बांध घालताना ज्याच्या हाताला फोड आले, त्याला शेजारच्या मित्राच्या हाताचे मोल कळते. आणि झिरकपूरच्या मुलांना तर शिबिराचीही वाट पाहावी लागत नाही. जवळच्या गुरुद्वारात लंगरची भांडी घासणारे आणि यात्रेकरूंचे जोडे सांभाळणारे हात त्यांना रोज दिसतात. त्यांत कोण शिकलेला आणि कोण निरक्षर, कोण श्रीमंत आणि कोण गरीब, हे ओळखू येत नाही.

पालकांनी म्हणून एवढेच करावे. मूल शिबिराला जातो म्हणाले, तर गुण बुडतील म्हणून अडवू नये. त्याचे मित्र कोण, हे विचारताना ते मिळून काय करतात, हेही विचारावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे परदेशी आहेत, त्यांनी नव्याने येणाऱ्या मुलाला विमानतळावर उतरवून घ्यावे, पहिले चार दिवस घास द्यावा आणि त्याला तेथील एखाद्या सेवाकार्यात सोबत न्यावे. शाळेचे ऋण फेडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

संत नामदेव पंढरपूरहून पंजाबात आले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात विराजमान आहेत. परमुलखात गेलेला मराठी माणूस तेथल्यांना आपला वाटावा, याहून मोठे यश कोणते? या शाळेचा विद्यार्थी जेथे जाईल, तेथे त्याला असा आपलेपणा लाभो.