होडीची बॅटरी : शिशाची घ्यावी की लिथियमची?



आजचा विषय बॅटरीचा. तुम्ही म्हणाल, मास्तरांना बॅटरीचं काय कळतं? खरं आहे. आम्ही जन्मभर शाळेत हिशेब शिकवला, होडी काही वल्हवली नाही. पण बॅटरी घेणे हे निम्मे काम हिशेबाचेच आहे. तो हिशेब आज आपण मिळून करू.

हर्णे असो, मालवण असो, रात्री दर्यावर गेलेल्या होडीचा जीव बॅटरीत असतो. दिवा बॅटरीवर. जीपीएस बॅटरीवर. मासे दाखवणारे यंत्र बॅटरीवर. वायरलेस बॅटरीवर. तळात साठलेले पाणी उपसणारा पंप बॅटरीवर. इंजिनाला स्टार्टर असेल तर तोही बॅटरीवर. बॅटरी बसली की दिवा विझतो. मोठ्या जहाजाला काळोखात आपली होडी दिसत नाही. मग काय होईल ते आम्ही सांगायला नको. म्हणून बॅटरी नुसती स्वस्त पाहून घेऊ नये, आणि नुसती नवी म्हणूनही घेऊ नये.

बाजारात दोन जाती आहेत. पहिली शिशाची. तिलाच आपण अॅसिडची बॅटरी म्हणतो. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते नावाच्या शास्त्रज्ञाने ती 1859 साली तयार केली. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे आम्ल असते. दोन-दोन व्होल्टची सहा घरे मिळून बारा व्होल्ट होतात.

दुसरी लिथियमची. ही 1991 साली बाजारात आली. ज्या तिघांनी तिचा पाया घातला, त्यांना 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियमच्याही पोटजाती आहेत. होडीला बरी ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिची खूण सोपी आहे. तिच्यात 3.2 व्होल्टची चार घरे असतात. चार गुणिले 3.2, किती झाले? 12.8. लेबलावर 12.8 व्होल्ट हा आकडा असतो. आता तुम्हांला वाचता येते. दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू नका, लेबलाकडे पाहा. इतर काही लिथियमपेक्षा ही जात शांत असते, लवकर पेट घेत नाही. पण ती कधी पेटतच नाही असे मात्र समजू नका.

आता हिशेब. पाट्या घ्या.

एका होडीवर तीन दिवे आहेत. प्रत्येक दिवा 10 वॅटचा. म्हणजे 30 वॅट. दहा तास जळले तर 300. जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र मिळून 20 वॅट. दहा तासांचे 200. वायरलेस ऐकायला 6 वॅट. दहा तासांचे 60. पंप 40 वॅटचा, रात्रीत एक तास चालला, त्याचे 40. बेरीज करा. 600 झाली ना? तिला बाराने भागा. 50 आले. ह्याला अँपिअर-तास म्हणतात. बॅटरीवर ‘ए.एच.’ अशी अक्षरे असतात, ती हीच.

मग 50 ची बॅटरी पुरेल का? नाही. इथेच पुष्कळजण फसतात. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रिकामी करू नये. केली तर पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि आयुष्य घटते. म्हणून 50 हवे असतील तर 100 ची घ्यावी. लिथियमची बॅटरी शंभरातले 80 देते आणि तिला त्रास होत नाही. म्हणून तिथे साधारण 63 ची पुरते. थोडी जास्त घ्यावी, म्हणजे पंप जास्त चालवावा लागला तरी निभेल.

वजनातही फरक आहे. 100 ए.एच.ची शिशाची बॅटरी 25 ते 30 किलो भरते. तेवढ्याच आकड्याची लिथियमची 11 ते 14 किलो. लहान होडीला हा फरक जाणवतो.

आता आयुष्य आणि पैसा. दिव्यांसाठी केलेली शिशाची चांगली बॅटरी रोज निम्मी वापरली, तर साधारण 400 वेळा भरता येते. लिथियमची 2000 वेळा आणि त्याहूनही जास्त. भाव गावोगाव वेगळे, म्हणून आपण मानून चालू. समजा, शिशाची 9000 रुपयांना आणि लिथियमची 30000 रुपयांना पडते.

पहिला नाखवा वर्षाला 200 रात्री दर्यावर जातो. त्याची शिशाची बॅटरी दोन वर्षांत संपली. आठ वर्षांत चार लागल्या. नऊ चोक छत्तीस, म्हणजे 36000 रुपये. जुनी मोडीत घालून थोडे पैसे परत येतील. लिथियमची एकच, 30000 ची, आठ वर्षे जावी. इथे लिथियमचे पारडे जड.

दुसरा नाखवा वर्षाला 60 रात्रीच जातो. त्याची शिशाची बॅटरी वापराने संपत नाही, वयाने संपते. चार वर्षे धरा. आठ वर्षांत दोन लागल्या, 18000 रुपये झाले. ह्याने 30000 का घालावेत?

मग कोणती चांगली? ज्याच्या त्याच्या रात्री मोजल्यावाचून सांगता येत नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेतली, असे करू नये.

आणखी एक गोष्ट. तीस हजार कुठून आणणार? घरात असतील तर ठीक. पण व्यापाऱ्याची उचल घेतली, तर पुढची मासळी त्याला त्याच्या भावाने द्यावी लागते. ते नुकसान बॅटरीच्या किमतीत मिळवा. मग पुष्कळदा शिशाचीच परवडते. मासळी विकून घरचा पैसा बाया सांभाळतात. म्हणून हा हिशेब त्यांच्यासमोर बसून करा. त्या पटकन चूक काढतील.

आता दोघींच्या खोडी ऐका.

शिशाच्या बॅटरीतून भरताना वायू निघतो. तो ठिणगीने भडकतो. जवळ विडी ओढू नये, खोका हवेशीर असावा. तिच्यात खारे पाणी शिरू देऊ नये. खारे पाणी आणि आतले आम्ल मिळाले की विषारी क्लोरीन वायू होतो. वर घालायचे ते बॅटरीचे शुद्ध पाणीच, विहिरीचे नव्हे. टोकांवर हिरवी-पांढरी भुकटी जमते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी आणि ग्रीस लावावे. सोड्याचे पाणी आत मात्र जाऊ देऊ नये. जुनी बॅटरी घरी फोडू नये. शिसे विष आहे, लेकरांना फार बाधते. दुकानदाराला परत द्यावी.

लिथियमच्या पोटात एक पहारेकरी बसवलेला असतो. तो बॅटरी फार भरू देत नाही, फार रिकामीही होऊ देत नाही. पहारेकरी नसलेली, जुन्या सेलची जोडलेली बॅटरी फुकट मिळाली तरी नको. पण ह्या पहारेकऱ्याची एक तऱ्हा आहे. शिशाची बॅटरी संपत आली की दिवा मंद होतो, माणूस सावध होतो. लिथियमची शेवटपर्यंत नीट चालते, आणि मग पहारेकरी एकदम दार बंद करतो. सगळे दिवे एकदम विझतात! म्हणून किती शिल्लक ते दाखवणारा मीटर लावून घ्या.

लिथियमला चार्जर तिचाच हवा. इंजिनाच्या डायनॅमोला सरळ जोडू नये. ती अधाशासारखी वीज ओढते आणि डायनॅमो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवतात. त्याची किंमतही हिशेबात धरा.

पावसाळ्याचे काय? जूनपासून निदान दोन महिने होडी किनाऱ्यावर ओढलेली असते. त्या दिवसांत शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्याने पुन्हा भरावी. नाहीतर नारळी पौर्णिमेला हातात नुसता दगड! लिथियमची निम्मी भरून, वायरी सोडवून, कोरड्या जागी ठेवली की भागते.

आमचे मत विचाराल तर असे. इंजिन सुरू करायला शिशाची स्टार्टरची बॅटरी राहू द्या. त्या कामाला ती उत्तम. दिव्यांची बॅटरी मात्र तिच्यापासून वेगळी ठेवा. म्हणजे दिवे रात्रभर जळले, तरी पहाटे इंजिन सुरू होईल. ती दुसरी कोणती घ्यायची, ते तुमच्या रात्री आणि तुमचा पैसा ठरवील. घेताना पावती घ्या. वॉरंटीचा कागद वाचा. दर्यावरच्या वापराला वॉरंटी लागू आहे का, ते विचारा आणि लिहून मागा. तोंडी शब्दाला पुढे कोणी विचारत नाही.

उद्याच्या वर्गाला येताना एवढे करा. आपल्या होडीवरच्या बॅटरीचे व्होल्ट, ए.एच. आणि तारीख पाटीवर लिहून आणा. गेल्या वर्षी किती रात्री दर्यावर गेलात, तोही आकडा आणा. मग एकेकाचा हिशेब आपण फळ्यावर करू.